दुसरीच्या मुलांचं वाचन: सॉफ्टवेअरच्या तक्त्यातलं काय धरावं, काय सोडावं? (नाशिक)

दुसरीच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. यंदा शाळेने वाचनसरावाचं सॉफ्टवेअर घेतलंय. मुलं शाळेच्या टॅबवर किंवा घरी मोबाइलवर गोष्ट मोठ्याने वाचतात. ते ऐकून सॉफ्टवेअर शब्द बरोबर की चूक ठरवतं आणि दर सोमवारी मला वर्गाचा तक्ता येतो. किती मिनिटं वाचलं, किती गोष्टी संपल्या, मिनिटाला किती शब्द, अचूकता किती टक्के. नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, या रंगांवरूनच गट पाडा आणि पालकसभेत हेच आलेख दाखवा. माझं मन धजत नाही. वर्गात एक मुलगी तक्त्यात कायम लाल असते. जवळ बसवलं की सावकाश वाचते, पण गोष्ट पूर्ण सांगते, वर शेवट कसा असायला हवा होता तेही सांगते. एक मुलगा कायम हिरवा. धडाधड वाचतो आणि 'मग कोल्ह्याने काय केलं?' विचारलं की गप्प.

तक्ता फेकून द्यायचा नाहीये, त्यात काहीतरी आहे हे दिसतंय. तुम्ही कसा वापरता ते सांगा.

पेठचे_गुरुजी

ताई, गट पाडताना मिनिटांचा रकाना बघूच नका. घरात मोबाइल किती वेळ मोकळा असतो, एवढंच तो सांगतो. आमच्या पेठ तालुक्यातून द्राक्षाच्या हंगामात आईबाप दिंडोरी-निफाडकडे बागांवर कामाला जातात. मुलं कधी सोबत, कधी आजीजवळ. मोबाइल बापाच्या खिशात. त्या महिन्यांत तक्ता लालेलाल होतो. काही पोरांचं वाचन खरंच मागे पडतं, काहींचं अजिबात नाही, आणि तक्त्यात दोघं सारखीच दिसतात.

दुसरं बोलीचं. मी आधी बागलाणात होतो. घरी अहिराणी बोलणारं मूल 'फळा' वाचताना सहज 'फया' म्हणतं, 'काळा'चं 'काया' होतं. अक्षर ओळखलंय, अर्थ कळलाय, जीभ घरची आहे. मशीन ती चूक धरतं. ही चूक वाचनाची नाही.

मी काय करतो ते सांगतो. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला न वाचलेला छोटा उतारा देतो, एक मिनिट वाचून घेतो आणि चुकलेला शब्द पोराने उच्चारला तसाच वहीत लिहितो. एक पोरगी 'सूर्य'ला 'सूरय' आणि 'चंद्र'ला 'चंदर' वाचते. दुसरा 'दिवस' दिसला की 'दिवा' म्हणून पुढे सुटतो. अचूकतेचे टक्के दोघांचे सारखे येतील. पण पहिलीला रफार आणि जोडाक्षरं बसवून द्यायची आहेत, दुसऱ्याला पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकायची सवय लागलीय, त्याला शब्दाखाली बोट फिरवून शेवटापर्यंत वाचायला लावायचंय. त्यांना टक्क्यांवरून एका गटात बसवलं तर दोघांचाही वेळ वाया जातो.

आकडेमोड_नाशिक

माझं रोजचं काम आकड्यांचंच आहे, आणि बायको बालवाडीत शिकवते, म्हणून लिहितो.

एका सोमवारच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. पंख्याचा आवाज, शेजारच्या वर्गाचे पाढे, सर्दी झालेलं मूल, एवढ्यानेही तो हलतो. निदान चार-पाच आठवड्यांचा कल बघा. शाळेतलं आणि घरचं वाचन वेगळं काढता येतं का ते कंपनीला विचारा. घरी मोठी ताई शेजारी बसून शब्द सांगत असते, कधी तीच वाचते.

वेग बघताना गोष्ट कुठल्या पातळीची होती ते आधी बघा. मूल वरच्या पातळीवर गेलं की वेग पडणारच. ती पुढे सरकल्याची खूण आहे, आणि तुमचं सॉफ्टवेअर तिलाच लाल करत असेल तर रंग बंद करून नुसते आकडे बघा. तुमची ती मुलगी अवघड गोष्टी निवडत असेल, हे आधी तपासा.

निपुण भारत अभियान, म्हणजे लहान मुलांना वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून देण्याचं केंद्र सरकारचं अभियान, 5 जुलै 2021 ला सुरू झालं. त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीला किमान 60 असं लक्ष्य आहे, पण अर्थ समजून. हे शेवटचे दोन शब्द कुठल्याच रंगात येत नाहीत. इंग्रजी वाचनाचे तक्ते मराठीला लावू नका, हेही सांगतो. आपल्याकडे 'झाडाखालच्या' हा एक शब्द मोजला जातो, इंग्रजीत त्याचेच तीन-चार होतात.

जेलरोडची_आई

बाई, पालक म्हणून एक विनंती. सगळ्या वर्गाचा आलेख सभेत लावू नका. आमच्या मुलाच्या वर्गाचा असा तक्ता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. संध्याकाळी खाली खेळताना मुलंच एकमेकांना 'तू लाल' म्हणत होती. नंतर कितीतरी दिवस मुलगा मोठ्याने वाचायलाच तयार होईना. मी काही विचारलं की 'मला येत नाही' एवढंच. सहा-सात वर्षांच्या पोराला हे लागतं हो.

प्रत्येक पालकाला फक्त आपल्या मुलाचं दाखवा. आणि आवाजाचं रेकॉर्डिंग साठत असेल तर जूनचं आणि आत्ताचं एकामागोमाग ऐकवा. त्यातून मला जेवढं कळेल तेवढं कुठल्या रेघेतून कळणार नाही. मुलांचे आवाज कुठे ठेवतात, किती काळ, हेही शाळेने लेखी घ्यावं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसरीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन पाहिलं, त्या मुलीच्या बहुतेक गोष्टी खरंच वरच्या पातळीच्या निघाल्या! हे मुख्याध्यापकांना दाखवता येईल. ताई, सभेचं तुम्ही म्हणता तसंच करते, संमतीपत्राचंही बोलते.

गुरुजी, अडचण वेळेची आहे. माझ्याकडे चाळीसच्या आसपास मुलं. प्रत्येकाला एकेकटं बसवायचं कधी? आणि दर महिन्याला नवे उतारे कुठून आणता?

पेठचे_गुरुजी

रोज दोनच मुलं घ्या. बाकीची जोडीने वाचत असतात तेव्हा. वाचायला एक मिनिट, गोष्टीवर बोलायला दोन-तीन. महिनाभरात वर्ग फिरून होतो. क्रम ठरवायला मात्र तक्ता उत्तम, तिथे तो मनसोक्त वापरा. पातळी तीच असून ज्याचा वेग सलग काही आठवडे पडतोय तो आधी. त्यानंतर तुमच्या त्या मुलासारखे, वेग भरपूर पण अर्थाची खात्री नाही असे. त्याला गोष्ट अर्ध्यावर थांबवून 'आता काय होईल?' विचारत जा, वेग आपोआप जरा आवरतो.

उताऱ्यांसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा. मराठी गोष्टी फुकट, चार पातळ्यांत लावलेल्या, छापूनही घेता येतात. फक्त सॉफ्टवेअरमध्ये असलेली गोष्ट उताऱ्याला घेऊ नका, ती पाठ झालेली असते. आणि मूल अगदीच अडखळत असेल तर उतारा बाजूला ठेवून असरच्या (मुलांना किती वाचता येतं ते घरोघरी जाऊन तपासणारी पाहणी) चाचणीसारखं खाली उतरा: परिच्छेद, मग सुटे शब्द, मग अक्षरं. कुठे अडतंय ते तिथल्या तिथे दिसतं. वहीच्या पानाचा फोटो रविवारी टाकतो, नावं झाकून.