आई गेल्यापासून कादंबरी वाचवत नाहीये, कुणाला असं झालंय का?

कदंबातली वाचक

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, नोकरी पणजीला, रोजचे जाऊन येऊन दोन तास कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये जातात आणि गेली पंधरा वर्षं ते दोन तास म्हणजेच माझं वाचन. पाटोवरची सेंट्रल लायब्ररी बसस्टँडवरून चालत जाण्यासारखी आहे त्यामुळे पुस्तकांची कधी ददात पडली नाही, हाताला लागेल ते घ्यायचं, कादंबरी, भयकथा, आत्मचरित्र, विज्ञानकथा, काही वर्ज्य नाही.

माझी एक वही आहे. पुस्तक चांगलं की वाईट ते तिच्यात लिहीत नाही, वाचताना मला काय झालं तेवढंच लिहिते. म्हणजे मृत्युंजय सोळाव्या वर्षी वाचलं तेव्हा लिहिलंय, 'कर्णासाठी रडले, दोन दिवस जेवण गेलं नाही'. तेच परत वाचलं एक्केचाळीसाव्या वर्षी, माझा मुलगा शिकायला बाहेर गेला त्याच महिन्यात. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण असे सहाजण आपापली बाजू सांगतात ना, तर यावेळी मी कुंतीच्या भागातच अडकले, पेटी नदीत सोडते तिथे पुस्तक मिटलं आणि बाणस्तारी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. कर्णासाठी तेवढं रडू आलंच नाही. पुस्तक तेच, अक्षर तेच.

धारपांच्या समर्थकथा, भयकथाच त्या, डिचोलीला मावशीकडे पावसात वाचलेल्या, लाईट गेलेली, वर कौलांवर माडाचं चुडत पडलं आणि मी मावशीच्या अंथरुणात. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्या की मला उलट शांत वाटतं, आपल्या भानगडी केवढ्याशा आहेत असं होतं. कोसला दोनदा सोडली, तिसऱ्यांदा नायकाची धाकटी बहीण मनी जाते तिथपर्यंत पोचले आणि मग खाली ठेवता आली नाही.

आता मुद्दा. जानेवारीत आई गेली. तेव्हापासून कादंबरी उघडली की दहा पानांत बंद. खोटं वाटतं सगळं. कोण कुठला माणूस, त्याचं लग्न मोडलं तर मी का वाचू असं होतं, आणि हे मला होतंय याचंच जास्त वाईट वाटतं, कारण वाचायला मला आईनेच लावलं.

सध्या वाचवतं ते एकच पुस्तक आणि ते म्हणजे आईची रुचिरा. ओगलेबाईंची. कव्हर गेलंय, हळदीचे डाग, आमटीच्या पानावर चिंचेवर पेन्सिलीने काट मारून आईने 'सोलां', म्हणजे आमसुलं, लिहिलंय, एका ठिकाणी 'गूळ कमी, ह्यांना चालत नाही'. मी ते कादंबरी वाचावी तसं रोज रात्री दोन पानं वाचते. पाककृती करत नाही, नुसती वाचते.

एखादा प्रकारच असा आतून बंद झालाय असं तुमच्यापैकी कुणाचं झालंय का? परत सुरू झाला का? कशाने?

मडगावचा जुना वाचक

ताई, आईचं वाचून वाईट वाटलं. माझं सांगतो. वडील गेले तेव्हा माझी कविता बंद झाली. बोरकर मला शाळेपासून पाठ, मराठीतले आणि कोंकणीतलेही, बोरीच्या पुलावरून स्कूटर जायची तेव्हा मी मोठ्याने म्हणायचो. वडील गेल्यावर एक ओळ तोंडातून निघेना. कारण मला नंतर कळलं, त्या कविता माझ्या कानात वडिलांच्या आवाजात होत्या. साडेतीन वर्षं गेली.

त्या काळात मी फक्त आत्मचरित्रं वाचली. का, तर त्यात कुणी मला रडवायला बसलेला नसतो, माणूस आपलं झालेलं सांगतो आणि मोकळा होतो. मोहन रानड्यांचं सतीचे वाण तेव्हा वाचलं. सांगलीकडचा मुलगा शिक्षक म्हणून गोव्यात येतो, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडला जातो, पुढे पोर्तुगालला नेतात. गोवा 1961 ला मोकळा झाला तरी हा माणूस 1969 पर्यंत लिस्बनजवळच्या तुरुंगात. आपण इथे निवडणुका केल्या, गणपतीच्या चवथी केल्या, आणि ज्याने हे मिळवून दिलं तो तिकडे कोठडीत. मी बेतीच्या फेरीबोटीतून शेकडो वेळा गेलोय, पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा धक्क्यावर उतरून थोडा वेळ उभा राहिलो. माझ्या दुःखाला बाजूला कुणीतरी बसल्यासारखं झालं ते पुस्तक. कविता परत आली ती त्यानंतरच, आपोआप, पुलावरच.

तेव्हा तुमची रुचिरा चालू द्या. ते वाचनच आहे.

साखळी एक्सप्रेस

मला थोडं वेगळं वाटतं. नुसतं थांबून राहिलं तर सवय तुटते, माझ्या बहिणीची तुटली ती तुटलीच, आता ती फक्त मोबाईल बघते. मी असं झालं की रहस्यकथेकडे जातो. आजोबांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची चळत होती, झुंजार, काळापहाड, त्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि लोक त्याला साहित्यिक म्हणायला कचरायचे हे मला अजून पटत नाही. रहस्यकथा तुमच्याकडून भावना मागत नाही, फक्त लक्ष मागते, पुढे काय एवढंच. हॉस्पिटलात बाबांच्या खाटेशेजारी अकरा रात्री मी तेच वाचलं, दुसरं काही डोक्यात शिरलंच नसतं. लोक हलकं वाचन म्हणतात त्याला. अकरा रात्री ज्याने मला जागं आणि धड ठेवलं ते मी हलकं म्हणणार नाही.

विज्ञानबाई

हायस्कूलात विज्ञान शिकवते म्हणून नारळीकरांचं नाव वाचून थांबले. तुम्ही लिहिलंय शांत वाटतं, माझ्या मुलांना उलट होतं, ती प्रश्नांनी उसळतात. मी त्यांना गोष्टीच्या आधी गोष्टीमागची गोष्ट सांगते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कृष्णविवर ही कथा स्वतःच्या नावाने पाठवली नाही, जयंत विष्णु नारळीकर याची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि आपलं नाव बघून नव्हे तर कथा वाचून ठरवा म्हणाला. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. 2025 च्या मे महिन्यात सर गेले तेव्हा शाळेला सुट्टी होती, तरी तीन मुलांनी मला फोन केला. ज्या माणसाला ती कधी भेटली नाहीत त्याच्यासाठी.

आईबद्दल काय लिहू, माझी आहे अजून, तिला आज फोन करते.

कुळागरातली

बाय, मी सावईची, वयाने तुझ्याहून बरीच मोठी असेन म्हणून एकेरी लिहिते, रागवू नकोस.

माझे यजमान गेले तेव्हा मला कुणी स्मृतिचित्रे आणून दिलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र मी आधी दोनदा वाचलं होतं, वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग वाचून घरभर हसवलं होतं सगळ्यांना. त्या वेळी ते हसूच आलं नाही. 1895 ला तिचे यजमान ना. वा. टिळक बाप्तिस्मा घेतात आणि ही बाई मागे राहते तिथेच मी पुन्हा पुन्हा जायची. पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही घेतला, पण मधली वर्षं बघ, नवरा जिवंत आणि तरी नाही. आमच्या फोंडा महालात धर्मांतर म्हटलं की देवळं आणि देव हलवल्याचा इतिहास सांगतात, तो खराच आहे. पण घरातलं एक माणूस गेलं की त्या घरात सकाळी चूल पेटवताना काय होतं ते मला या पुस्तकाने सांगितलं. मात्र त्या वर्षी ते मला झेपलं नाही. चांगलं पुस्तकसुद्धा चुकीच्या दिवसात लागतं.

मला बाहेर काढलं ते दुर्गाबाई भागवतांच्या ऋतुचक्राने. बारा महिन्यांवर बारा लेख, चैत्रापासून सुरू. त्यात कुणी जन्मत नाही, कुणाचं लग्न नाही, मरणही असेल तर पानाफुलांचं. मी ठरवलं, ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, पुढचं पान उलटायचं नाही. वाचून झालं की कुळागरात, आमच्या सुपारीच्या बागेत, एक फेरी. त्यांनी लिहिलेलं सगळं आमच्याकडे नसतं, आणि आमच्याकडचं सगळं त्यांच्यात नाही. सुपारीचं शिपूट, म्हणजे फुलोरा, उलतं तेव्हा जो वास सुटतो तो त्यात नाही, तो मी समासात लिहिला. वर्षभरात समास भरले. मग एक दिवस कादंबरी हातात घेतली ती संपवूनच उठले, कुठली ते आता आठवत पण नाही.

तुझी आई समासात लिहायची ना. तू पण लिही.

कदंबातली वाचक

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं, काल बसमध्ये आणि आज परत. मडगावचे काका, वडिलांच्या आवाजाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून एक लक्षात आलं, मी लहानपणी कादंबऱ्या आधी आईच्या तोंडूनच ऐकल्या, ती भाजी चिरताना गोष्ट सांगायची आणि मी नंतर वाचायची. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

साखळीवाले, अर्नाळकर मी एकही वाचलेला नाही, लायब्ररीत बघते.

सावईच्या काकी, तुम्ही मला एकेरीच लिहा. आज लंच टाईमला छत्री घेऊन पाटोला गेले आणि ऋतुचक्र घेतलं. लायब्ररीचं आहे म्हणून समासात लिहिता येणार नाही, तेव्हा माझ्या वहीतच डाव्या पानावर लिहिणार. आता श्रावण चालू आहे तर श्रावणापासूनच धरते, चैत्र येईल तेव्हा येईल. येताना बसमध्ये चार पानं झाली. आमच्या परसात तेरडा फुललाय, आई माटोळीसाठी, गणपतीवर फळंफुलं बांधतात त्या छतासाठी, तो राखून ठेवायची, कुणाला तोडू द्यायची नाही.