डाव्या अंगठ्याला क्लच झेपेना, डीसीटी घेऊ की ई-क्लच?

द्राक्षवाला_दिंडोरी
मंडळी, वय ५४. मी डावखुरा, तीस वर्षं बागेत छाटणीची कात्री चालवून डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. द्वारका चौकाच्या गर्दीत दहा मिनिटं क्लच दाबला की मूठ उघडत नाही. पण पुण्याला लेकीकडे आणि मंडळींना मागे बसवून सापुताऱ्याला मोटारसायकलवरच जायचंय. डॉक्टर स्कूटर घ्या म्हणतात. लांब रस्त्यावर वरच्या गिअरला इंजिन शांत घुमतं, ते मला सोडवत नाही.
मनात होंडाच्या दोन गाड्या आहेत: सीबीआर ६५० आर ई-क्लच (क्लच गाडी आपोआप सांभाळते) आणि आफ्रिका ट्विनचं डीसीटी मॉडेल (दोन क्लचची, क्लचचा लिव्हरच नाही, गिअरही गाडीच बदलते). कसारा घाट उतरताना डीसीटी आपल्या मनाने वरचा गिअर टाकते का?

सिडको_ते_सह्याद्री
काका, मुलाकडे जर्मनीत गेलो होतो तेव्हा होंडाचीच एनटी ११०० डीसीटी चार दिवस भाड्याने चालवली. टूरिंगचीच गाडी, १०८४ सीसी. क्लच दोन: एक १-३-५ सांभाळतो, दुसरा २-४-६. पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून बदलताना धक्का जवळजवळ नाहीच. होंडाने हे २०१० मध्ये व्हीएफआर १२०० एफवर पहिल्यांदा आणलं.
तुमची शंका खरी आहे. डी मोडला (रोजच्या आरामशीर चालवण्याचा) ती लवकर वरच्या गिअरला चढते, उतारावर इंजिनचा ब्रेक कमी पडतो. एस मोडला (स्पोर्ट, वरचा गिअर उशिरा टाकणारा) टाका, नाहीतर वजा बटण दाबून गिअर उतरवा. पण ते बटण डाव्या अंगठ्याखालीच असतं! हलकं आहे, तरी आधी दाबून बघा. इंजिन बंद केलं की गाडी न्यूट्रलला जाते, म्हणून उतारावर पार्किंग ब्रेक लावावाच लागतो. तोही डाव्या हातानेच.
यू-टर्नला क्लच सोडत-धरत वळायची सवय विसरा. मागचा ब्रेक किंचित दाबून धरा आणि थ्रॉटल द्या.

अंबड_गॅरेज
भाऊ, ई-क्लचमध्ये लिव्हर तसाच राहतो, पण निघताना, थांबताना, गिअर टाकताना हात लावायची गरज नाही. गिअर मात्र पायानेच. माझी काळजी वेगळी आहे. सीबीआरचं हँडल खाली आहे, अंगाचा भार मनगटावर येतो. क्लच वाचेल आणि नाशिक ते पुणे पूर्ण रस्ता अंगठ्यावर वजन पडेल. मागची सीटही लहान, वहिनींना विचारा. आफ्रिका ट्विनवर पाठ ताठ राहते, पण ती उंच आहे, पाय टेकतात का बघा.

द्राक्षवाला_दिंडोरी
हँडलचं डोक्यातच आलं नव्हतं. शोरूममध्ये दोन्हींवर अर्धा-अर्धा तास नुसता बसणार आहे, मंडळींना मागे घेऊन. वजा बटण आणि पार्किंग ब्रेक वीस-वीस वेळा दाबून बघतो. एप्रिलची खरड छाटणी उरकली की जातो, तेव्हा हात सगळ्यात जास्त दुखतो.