मदत हवी आहे : दहावीतली मुलं आठवीतल्यांना तंबाखूचा मावा आणायला पाठवतात

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित हायस्कूलात शिकवते. गाव-शाळा विचारू नका, मुलं लगेच ओळखू येतील.

आठवीतल्या एकाच्या गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : ओ २, स १, खाली पुन्हा ओ ३. मला वाटलं क्रिकेटचा स्कोअर. वर्ग सुटल्यावर विचारलं, तर बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला, मग म्हणाला, "बाई, माव्याचा हिशेब हाय." मधल्या सुट्टीत दहावीतली तीन-चार पोरं त्याला टपरीवर पिटाळतात. तोवर त्याचा एसटीचा पास त्यांच्या खिशात. पुडी आली की पास परत. पैसे कमी पडले तर याच्या खाऊच्या पैशातून. नाही म्हटलं की दप्तर मुतारीत. पोरगा वाडीवरून येतो, पास गेला तर घरी काय सांगणार? स्वतः खातोस का विचारलं, तर "चव बघितली" एवढंच.

मुख्याध्यापकांना नाव न घेता सांगितलं. सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांच्याकडे उपाय दोनच : पोलीस ठाण्यातून साहेब बोलावून व्याख्यान आणि शपथ, नाहीतर पोरांच्या हातात दाखला. शपथ दरवर्षी होते. तंबाखूविरोधी दिन ३१ मेचा, तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून आम्ही ती जूनमध्ये उरकतो. स्टेजवरच्या एकाच्या खिशातली पुडी पहिल्या रांगेला दिसत असते, मग पोरं हसणारच. आणि दहावीत दाखला दिला तर पोरगं पुढं बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरणार आणि तोवर दिवसभर त्याच टपरीवर बसणार.

या मुलाचं नाव पुढं न येता हे थांबवायचं कसं? व्याख्यानाऐवजी काय करता येईल? टपरीवाला नगरसेवकाच्या भावकीतला आहे, हेही लक्षात घ्या.

माजी_हेडमास्तर :
बाई, आधी टपरी बघा. २००३च्या तंबाखू कायद्याचं कलम ६ : अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही आणि शाळेपासून १०० यार्डांत विकायचंच नाही. ती हद्द दाखवणारी पिवळी रेषा तुमच्या रस्त्यावर मारली आहे का? नसेल तर तिथूनच सुरुवात करा. यातला दंड २०० रुपयांपर्यंतच, त्याला कोण भीक घालतंय! पण बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ अर्जात लिहा. मुलाला तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. अर्ज तुमच्या नावानं नको. पालक-शिक्षक संघाचा ठराव, शाळेचं लेटरहेड, जावक क्रमांक, आणि मुलाचं नाव कुठंही नाही. आमच्याकडची टपरी बंद झाली नाही, लांब सरकली. तेवढ्यानंही फरक पडला, कारण मधल्या सुट्टीत जाऊन परत येणं जमेना.

रोखठोक_पाटील :
दोन-दोन ठेवून द्या त्या दहावीवाल्यांना. आमच्या वेळी असंच सरळ व्हायचे.

धागाकर्ती :
पाटील, मारायला कायद्यानं बंदी आहे ते सोडा. मी एक ठेवून दिली, तर संध्याकाळी स्टँडवर त्याच्या चार या बारक्याला बसतील.

मांडवीकाठ :
पणजीहून लिहितेय, शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. साहेबांच्या व्याख्यानाबद्दल : पोलिसांनी वर्गात येऊन नशेविरुद्ध शिकवायचा 'डेअर' हा कार्यक्रम लॉस एंजेलिसला १९८३ साली सुरू झाला, अमेरिकाभर पसरला. नंतरच्या अभ्यासांत टिकाऊ परिणाम जवळपास दिसलाच नाही.

याउलट आमच्या गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात नववीच्या मुलांसोबत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसाकडे. परिपाठात विषय काढायचे, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायला पेटी, आणि एकेकट्याचं ऐकून घेणं. बाहेरच्या माणसाच्या शाळांत दादागिरी, मारामारी आणि मुलांचं नैराश्यही कमी झालं. शिक्षकांच्या शाळांत काहीच हललं नाही. शिक्षकांना दोष नाही हो, पण मार्क देणाऱ्यापुढं पोरं पोट मोकळं करत नाहीत, असं माझं मत. तुमच्यापाशी एक बोलला, हेच विशेष.

म्हणून बाहेरचं माणूस शोधा. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथल्या समुपदेशकाला शाळेत बोलवायचं पत्र द्या. पेटी बसवलीत तर किल्ली कारकुनाकडे नको. आणि "कुणी सांगितलं?" हा प्रश्न परिपाठाला कुणीही विचारायचा नाही, सरांनीही नाही.

दहावीतली पोरं फक्त गुंड नाहीत, त्यांना तलफ येते. एकत्र उभी करू नका, वेगवेगळी बोलवा. तोंड पूर्ण उघडतं का, तिखट लागलं की आग होते का, हे विचारा, होय म्हणाले तर दंतवैद्याकडे पाठवा. तंबाखू सोडवणारी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत.

धागाकर्ती :
मधल्या सुट्टीची गेट ड्युटी मी मागून घेतली. सगळ्यांच्याच बाहेर जाण्यावर बंदी घातली, म्हणजे एकट्याकडे बोट जाणार नाही. ठरावाचं सरांनी मान्य केलंय, नगरसेवकाचं नाव निघाल्यावर जरा चुळबुळले, पण हो म्हणाले. पास मात्र अजून अधूनमधून काढून घेतात, म्हणून सुटायच्या वेळी पास दाखवूनच वाडीच्या मुलांना सोडतेय. एक राहिलं : घरी सांगू का? बाप तापट आहे, पोरगा म्हणतो सांगू नका.

मांडवीकाठ :
सांगाच, पण पोराला विचारून आणि आधी आईला. एकटीला बोलवा. विषय माव्यापासून नको, पास हिसकावण्यापासून काढा, म्हणजे पोरगा आरोपी ठरत नाही. बाप मारेल अशी खरंच धास्ती असेल तर मुलांसाठीच्या मदत फोनसेवेशी, १०९८ ला, आधी बोलून घ्या.