साका आणि झाडावरचा आंबा

हापूसमधला साका बुरशीमुळे होतो आणि फवारणीने जातो, असं काही जण सांगतात. ते बरोबर नाही. साका हा रोग नव्हे, फळाच्या आतल्या घडामोडीतला बिघाड आहे. साल निर्दोष, वास सुरेख, आणि कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, भुसभुशीत, आंबूस! पाहुण्यांसमोर असा आंबा निघाला की जीव तुटतो.

यावर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने फार मोलाचं काम केलं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' हा वाण आला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूसपासून 'सिंधू' झाला, कोय अगदी पातळ. तरी बागेत हापूसच हवा असतो, माझ्याही.

मग साका टाळायला काढणी सांभाळा. आंबा पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवू नका, ८५ टक्के तयार झाला की उतरवा, तोही सकाळी. तापलेल्या जमिनीवर ढीग नको, लगेच सावलीत न्या. दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला (फळं उतरवायची जाळी लावलेली काठी) वापरा, देठासकट फळ निघतं. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाहीत.