मदत हवी आहे: रत्नागिरीतली लहान संग्रहालयं, बुधवारपर्यंत

लॉजवरून_लिहितोय (सोमवार, दुपार)
मंडळी, घाईत लिहितोय. रत्नागिरीत आहे. सकाळी एका संग्रहालयाच्या दारातून परत आलो, फाटकाला हे एवढं कुलूप. रिक्षावाला सोडून निघून गेला, बंद आहे असा चकार शब्द नाही. मोबाइलवर मात्र 'उघडे आहे'. किल्ले नकोत, बीच नको, देवळं तर नकोतच. लहान संग्रहालय, स्मारक, कुणाचं जुनं घर असं काही सांगा. बुधवारी संध्याकाळी परतीची गाडी आहे. लवकर सांगा प्लीज.

सड्यावरची
अहो, आज सोमवार! राज्य पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रिक्षावाल्याला शिव्या देऊ नका, तुम्ही 'अमुक ठिकाणी सोडा' म्हणालात, त्याने सोडलं. आता सांगा: कोण कोण आहात? वाहन आहे का? शहराबाहेर किती लांब जायची तयारी?

जुना_दर्यावर्दी
एवढं लांब आलाच आहात तर सिंधुदुर्ग चुकवू नका. १६६४ साली पाया घातला, शिसं ओतून. आत शिवराजेश्वराचं मंदिर आणि महाराजांच्या हातापायाचे ठसे. तेच खरं संग्रहालय. बाकी काचेच्या कपाटातल्या गंजक्या तलवारी बघून काय मिळतं?

सड्यावरची
@दर्यावर्दी, पावसात मालवणहून होडी सुटत नाही. आणि त्यांनी 'किल्ले नकोत' लिहिलंय. तिसऱ्या वाक्याच्या पुढे वाचा की.

जुना_दर्यावर्दी
वाचलं. किल्ले नको म्हणणाऱ्याने कोकणात यावं कशाला, असा साधा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे. जग बघायला येणार आणि आपण लॉजवर बसणार.

लॉजवरून_लिहितोय
दोघंच आहोत, मी आणि बाबा. गाडी नाही, रिक्षा किंवा एसटी. तासाभरापेक्षा लांब नको.

वेधशाळावाले_काका
अलिबागची चुंबकीय वेधशाळा जरूर बघावी. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने सुया हलतील म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागला नेली. इमारतीत लोखंड नाही! अर्थात आधी परवानगी काढावी लागते.

लॉजवरून_लिहितोय
काका, मी रत्नागिरीत आहे. अलिबाग कुठे, मी कुठे.

वेधशाळावाले_काका
माहितीसाठी सांगितलं. इतरही वाचत असतात.

तिठ्यावरचा
शहरातल्या शहरात सांगतो. थिबा राजवाडा, उद्या मंगळवारी करा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. गंमत अशी की राजवाडा तयार झाला १९१० मध्ये, म्हणजे तोपर्यंत २४ वर्षं तो इतर बंगल्यांत राहिला. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं काढली आणि १९१६ मध्ये वारला. मग टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्यालय आहे, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, बघतच राहाल. वेळ उरला तर उक्षीचं कातळशिल्प. जांभ्या दगडावर कोरलेला भलामोठा हत्ती, भोवती गोल कठडा बांधलाय, वरून छान दिसतो.

इतिहासाची_खाज
अवांतर: बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये रंगूनला नेलं आणि थिबाला रत्नागिरीला. दोन राजांची अदलाबदल. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये थिबाच्या समाधीवर येऊन गेले होते. राजवाडा सगळे बघतात, शिवाजीनगरची समाधी कुणी बघत नाही.

लॉजवरून_लिहितोय
थिबा बघू उद्या. बाकी यादीतलं बहुतेक उपयोगाचं नाही. सांगाडा, कठड्यावरून हत्ती, बाबांना काय कळणार?

तिठ्यावरचा
म्हणजे? एवढं टाइप केलं मी. सांगाड्यात न कळण्यासारखं काय आहे? लहान पोरांना कळतो.

सड्यावरची
थांबा हो. बाबांना चालायला त्रास आहे का? गुडघे?

लॉजवरून_लिहितोय
गुडघे ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा भरभर चालतात. दिसत नाही त्यांना. काचबिंदू. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. लिहिलं नव्हतं का मी वर? प्रत्येक ठिकाणी काचेच्या कपाटासमोर उभं राहून मी चिठ्ठ्या वाचतो, 'तलवार, लोखंड, अठरावं शतक'. तिसऱ्या कपाटाला ते म्हणतात चल, चहा पिऊ.

सड्यावरची
नव्हतं लिहिलं! वर जाऊन बघा, एक अक्षर नाही. अहो, सगळा प्रश्नच बदलला.

तिठ्यावरचा
माझा सांगाड्याचा प्रतिसाद मागे घेतो. माफ करा.

माजी_संग्रहपाल
एका छोट्या संग्रहालयात काही वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. 'हात लावू नये' ही पाटी सगळ्या वस्तूंना सारखी लागू नसते. घामातलं मीठ धातूला खातं, कागद-कापडाला तर बोट नकोच. पण जातं, पाटा, उखळ, दगडी मूर्ती, घडवंची, दाराची चौकट यांना धुतलेल्या कोरड्या हाताने काही होत नाही. लहान ठिकाणी सांभाळणारा एकच माणूस असतो. आदल्या दिवशी फोन करून 'वडिलांना दिसत नाही, हात लावण्यासारखं काय आहे' असं सरळ विचारा. दहातले सात जण स्वतः वस्तू काढून देतात. दारात जाऊन विचारलंत तर नियम सांगतात.

चौकटीतला_माणूस
आणि सात जणांनी काढून दिलं की मागून येणारी सहलीची ८० पोरंही हात लावणार. अशाने वस्तू उरतील का? अपवाद करायचा तर सगळ्यांनाच दार उघडं होतं. मी विरोधात आहे.

माजी_संग्रहपाल
म्हणूनच आधी फोन. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचं दालनच आहे, प्रतिकृती हाताने चाचपडून बघायच्या. प्रतिकृतीने मूळ वस्तू झिजत नाही. लहान संग्रहालयाला ते परवडत नाही, तर निदान जात्याला तरी हात लावू द्या!

जुना_दर्यावर्दी
हात लावायचा तर किल्ल्याच्या तटाला लावा, कुणी अडवत नाही. विजयदुर्गला जा. तिथल्या 'साहेबाच्या ओट्यां'वरून लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हीलियमचा शोध लावला.

वेधशाळावाले_काका
ही लोणकढी थाप किती वर्षं चालणार? त्या ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सन गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडात होता आणि त्याने सूर्याच्या वर्णपटातली हीलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. ग्रहणपट्टा विजयदुर्गावरून गेला हे खरं. पण 'विजयदुर्गावर हीलियम सापडला' असं होत नाही.

जुना_दर्यावर्दी
आमच्या गावात दर १८ ऑगस्टला हीलियम दिवस साजरा होतो. ते सगळे वेडे आणि तुम्ही शहाणे?

वेधशाळावाले_काका
दिवस साजरा करा, आनंद आहे. लॉकियरला होडीत बसवून आणू नका.

चौकटीतला_माणूस
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सड्यावरची
लेखक बुधवारी निघणार आहेत, हीलियम नंतर. @लॉजवरून, बाबांना आवड कशाची? पूर्वी काय करायचे?

लॉजवरून_लिहितोय
मराठीचे मास्तर होते हायस्कुलात, ३४ वर्षं. आवड काय, कविता. दिवसभर पुटपुटत असतात. आत्ताही शेजारच्या कॉटवर चालू आहे.

सड्यावरची
मग तुम्ही इतका वेळ संग्रहालयं काय शोधताय?! मालगुंड! केशवसुतांचं घर. गणपतीपुळ्याला लागूनच, आरे-वारेच्या रस्त्याने रिक्षाने तासाच्या आत पोचाल. कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक केलंय, १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालं. कौलारू घर आहे, आणि आवारात दगडावर कविता कोरल्या आहेत. कोरल्या, छापल्या नाहीत. कळतंय ना? केशवसुतही मास्तरच होते.

तिठ्यावरचा
+१. हे मला का सुचलं नाही. पावसात दगड शेवाळलेले असतात, पायाखाली बघा. जाता-येताची रिक्षा ठरवा आणि तिथे थांबण्याचेही पैसे आधी बोलून घ्या, नाहीतर परत फाटकाशी एकटे. आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, बुधवारच्या गाडीची वेळ पुन्हा तपासा.

इतिहासाची_खाज
पुढच्या खेपेला कुडाळजवळ पिंगुळीला न्या. पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्या घराण्याने गोठ्यात संग्रहालय केलंय, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. बाहुलीची गोष्ट कानाने ऐकायची असते.

लॉजवरून_लिहितोय (बुधवार, रात्र)
गाडीत आहे. रेंज येते-जाते, म्हणून एकदाच लिहितो.

मंगळवारी सकाळी फोन केला, मग मालगुंडला गेलो. पाऊस बारीक होता. घराच्या दारात बाबांनी आपसूक मान खाली घातली, मी काही बोललोही नव्हतो. चौकटीवर कपाळ आपटलं ते माझंच. बाहेर ओल्या दगडावर त्यांनी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर चाचपत गेले. दोन शब्द झाल्यावर म्हणाले, 'तुतारी'. पुढचं बोटाने वाचलंच नाही, तोंडपाठ होतं. तरी हात दगडावरच. एका जागी थांबून म्हणाले, इथे वेलांटी उथळ आहे, कारागीर दमला असणार. मी डोळ्यांनी बघितलं, मला काही फरक दिसला नाही.

तासभर तिथेच होतो. चहा पिऊ म्हणाले नाहीत. थिबा आज सकाळी झाला. तिथे कोरीव लाकडाला हात लावू दिला, बाकी कपाटं मी वाचलीच नाहीत. त्याऐवजी तुमचा २४ वर्षांचा हिशेब सांगितला, तो त्यांना फार आवडला.

समाधी राहिली. धागा त्यांना सगळा मोठ्याने वाचून दाखवला. एकच विचारतायत: ग्रहणाच्या वेळी विजयदुर्गावर नक्की कोण होतं? दर्यावर्दी आणि काका, दोघांनी बोला, गाडी पनवेलला पोचेपर्यंत हे मला झोपू देणार नाहीत.