अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनवर ट्विन एसयू (दोन एसयू कार्ब्युरेटर): मागचा कार्ब रिच (पेट्रोल जास्त), मदत हवी आहे

मार्क २ आहे. मूळचा सोलेक्स कार्ब काढून एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं मॅनिफोल्ड (कार्ब ते इंजिन नळी) आणि दोन दीड इंची एसयू एच४ कार्ब्युरेटर बसवलेत. इंजिन थंड असताना छान चालतं. गरम झालं की आयडल हलतं आणि ३-४ नंबरचे प्लग काजळी धरतात. १-२ चे मात्र मस्त बदामी.

पुढच्या कार्बचा पिस्टन जरासा उचलला की आरपीएम क्षणभर वाढून खाली येतो, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बरोबर. मागच्याचा वाढतो तो तसाच राहतो, म्हणजे तो रिच. नळी कानाला लावून दोन्हींची हवा सारखी केली आहे. जेट आणि नीडल (पेट्रोलची नळी आणि तिच्यातली सुई) पुढच्या-मागच्या कार्बमध्ये अदलाबदल करून पाहिले, तरी रिच मागचाच. (पिस्टन आणि चेंबरची जोडी तशीच ठेवली आहे, ती मोडायची नसते.) टायमिंग, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, कॉम्प्रेशन ठीक. इंधन पंप मूळचा मेकॅनिकलच. चोक पूर्ण सुटतोय. मॅनिफोल्ड गॅस्केटला गळती नाही.

हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) अजून नाही, आणि इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला. ‘परत सोलेक्स लाव’ हा सल्ला गॅरेजवाल्याकडून मिळालाय, तो नको.

आता संशय फ्लोटवर (कार्बमधली पेट्रोलची पातळी ठरवणारा तरंगता भाग). एच४ मध्ये फ्लोटच्या लिव्हरच्या फोर्कखाली गॅप किती ठेवता, आणि तो बरोबर असूनही हे उष्णतेमुळे होऊ शकतं का?