जुन्या मोटरसायकलला कोणते इंजिन ऑइल घालावे? कारचे ऑइल घातल्यापासून क्लच घसरतो आहे

प्रश्न

माझ्याकडे साधारण पंचवीस वर्षे जुनी, चार स्ट्रोकची, एका सिलिंडरची आणि हवेवर थंड होणारी लहान मोटरसायकल आहे. ती मला वडिलांकडून मिळाली. तिच्यासोबत टूलकिट आले, जास्तीची किल्ली आली, पण माहितीपुस्तिका काही आली नाही. मागच्या खेपेस ऑइल बदलताना कारसाठी आणलेल्या डब्यात ५डब्ल्यू-३० दर्जाचे सिंथेटिक ऑइल उरले होते. इतके चांगले ऑइल कारला चालते तर मोटरसायकलला का चालू नये, असा विचार करून मी तेच ओतले. पहिले काही दिवस इंजिनाचा आवाज मऊ झाल्यासारखा वाटला आणि मी स्वतःवरच खूश झालो. त्यानंतर मात्र चढावर, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की इंजिन ओरडते आणि गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही.

याखेरीज रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केली की निळसर धुराचा एक झोत बाहेर पडतो आणि मग धूर दिसेनासा होतो. हा धूर मात्र जुना आहे. कारचे ऑइल घालण्याआधीही तो होता.

ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की गाडी जुनी झाली, आता २०डब्ल्यू-५० घाला, म्हणजे धूर थांबेल आणि टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाजही दबेल. एक मित्र सांगतो की जुन्या गाडीला मिनरल ऑइलच हवे, सिंथेटिकमुळे सील गळू लागतात. शिवाय डब्यांवर एसएफ, एसएल, एसएन, एसपी अशी अक्षरे असतात, त्यांपैकी जुन्या इंजिनाला जुने अक्षर शोधावे की नवे, हेही कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

धूर आणि क्लच ही दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून आधी क्लचचे पाहू. मॅन्युअल गिअरच्या कारमध्ये क्लच सहसा कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचे ऑइल निराळे असते, त्यामुळे तिथल्या इंजिन ऑइलाला फक्त इंजिन सांभाळायचे असते. तुम्ही वर्णन केलेल्या जातीच्या बहुतेक मोटरसायकलींत मात्र एकच ऑइल क्रँक आणि पिस्टनला वंगण देते, गिअरच्या दात्यांमध्ये भरडले जाते, आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. इंजिनाला घर्षण नको असते आणि क्लचचे तर सगळे पोट घर्षणावर चालते. कारच्या पातळ ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी रसायने घातलेली असतात. ती प्लेटांच्या अस्तरावर बसली की ताण आल्यावर प्लेटा एकमेकींवरून सरकू लागतात. तुम्हाला सुरुवातीला जाणवलेला मऊपणा आणि नंतरचे घसरणे यांचे मूळ एकाच डब्यात असण्याची शक्यता मोठी आहे.

तो डबा अजून असेल तर त्याच्या मागच्या बाजूचे एपीआयचे, म्हणजे ऑइलांचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे, गोल चिन्ह पाहा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कॉन्झर्व्हिंग’ किंवा जुन्या डब्यांवर ‘एनर्जी कॉन्झर्व्हिंग’ असे शब्द असतील, तर ते ऑइल ओल्या क्लचसाठी नाही असे समजावे. मोटरसायकलसाठी शोधायचे अक्षर निराळे आहे. जपानी वाहन उद्योगाच्या जासो या मानकाने १९९८ साली चार स्ट्रोकच्या ऑइलांची एमए आणि एमबी अशी विभागणी केली. एमए ओल्या क्लचसाठी असते. एमबी कमी घर्षणाचे, म्हणजे ज्या स्कूटरचा क्लच ऑइलात नसतो तिच्यासाठी असते. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन भाग पडले, एमए१ आणि एमए२, त्यांपैकी एमए२ मध्ये क्लचची पकड सर्वांत जास्त मिळते. हा दर्जा चाचणी-यंत्रावर प्रत्यक्ष क्लच प्लेटा फिरवून, त्यांना थांबायला किती वेळ लागतो हे मोजून दिला जातो, त्यामुळे मी त्याला जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा कितीतरी जास्त मानतो.

आताचे ऑइल इंजिन गरम असताना पूर्ण काढावे, एमए किंवा एमए२ घालावे, तीन-चारशे किलोमीटर चालवून तेही काढावे आणि पुन्हा तेच भरावे, कारण कोपऱ्याकोपऱ्यांत थोडे जुने ऑइल नेहमीच राहून जाते. त्यापूर्वी क्लचच्या दांडीचा मोकळा खेळ मात्र जरूर तपासा. दांडीच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर खेळ हवा. केबल ताणलेली असेल तर जगातले कोणतेही ऑइल तो क्लच घसरण्यापासून वाचवू शकणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. २०डब्ल्यू-५० च्या सल्ल्याविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘जुनी गाडी म्हणजे दाट ऑइल’ हे समीकरण आपल्याकडे फारच पक्के बसलेले आहे आणि ते अर्धेच खरे आहे.

डब्यावरच्या आकड्यांतला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते हे सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो हे सांगतो. अनेकांचा समज असा असतो की २०डब्ल्यू-५० हे थंड असताना पातळ असते आणि गरम झाल्यावर दाट होते. तसे नसते, कोणतेही ऑइल तापले की पातळच होते, फक्त हे ऑइल तापल्यावर ५० क्रमांकाच्या ऑइलाइतके दाट उरते. १०० अंशांना ३० क्रमांकाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक), ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९ असतो. म्हणजे ३० साठी आखलेल्या इंजिनात ५० घातले तर कधीकधी दुपटीहून दाट द्रव त्याच अरुंद वाटांमधून ढकलायला आपण पंपाला सांगतो. सकाळी किक मारल्यावर सिलिंडरच्या डोक्यावर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत ऑइल पोहोचायला त्यामुळे उशीर होतो, आणि इंजिनाची बरीच झीज नेमकी त्याच काही सेकंदांत होते.

आता तुमचा धूर. उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे रबरी सील कडक झालेले असले की वर साचलेले ऑइल रात्रभर थेंबथेंब गाइडमधून, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीतून, खाली उतरते आणि सकाळी पहिल्या स्फोटांबरोबर जळून जाते. एक झोत आणि मग काहीच नाही, हे त्याचेच लक्षण दिसते. दाट ऑइलाने थेंब जरा सावकाश पडतील, पण कडक झालेले रबर त्याने मऊ होत नाही. धूर जोरात थ्रॉटल पिळताना सतत येत असता तर संशय पिस्टनच्या रिंगांवर गेला असता आणि तो खर्च मोठा असता. टॅपेटचेही तसेच आहे. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, फट तपासून ती ठरलेल्या मापावर आणली, तर आवाज खरोखर कमी होतो. दाट ऑइल त्या आवाजावर फक्त गोधडी टाकते.

तरीही मेकॅनिक सगळेच चूक सांगतात असे नाही. गाडी खरोखरच ऑइल खात असेल, म्हणजे दोन बदलांच्या मध्ये दर वेळी वरून भरावे लागत असेल, तर ३० वरून ४० वर जाणे रास्त आहे. एक पायरी चढावी, दोन नव्हेत. तुमच्या जातीच्या गाड्यांना निर्मात्यानुसार १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० सांगितलेले आढळते. त्यामुळे पुस्तिकेची प्रत मिळवण्याचा प्रयत्न आधी करा. अनेक पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार कोणते ऑइल चालेल याचा तक्ताच छापलेला असतो.

मिनरल की सिंथेटिक, हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण माझ्या मते तो महत्त्वानेही शेवटचाच आहे. आजच्या सिंथेटिकमुळे धडधाकट सील गळत नाही. होते असे की वर्षानुवर्षे साचलेला गाळ नवे ऑइल विरघळवते आणि त्या गाळानेच बुजवून ठेवलेली गळती उघडी पडते. बोल मात्र ऑइलाला लागतो. ऑइल वेळेवर बदलणार असाल तर अशा साध्या इंजिनाला चांगले मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक भरपूर झाले. वेळेवर बदलणे महत्त्वाचे का, तर ऑइलाचा दाटपणा टिकवणारे लांब रेणू गिअरच्या दात्यांमध्ये सापडून तुटत जातात आणि ऑइल दिवसेंदिवस पातळ होते. गिअर पूर्वीपेक्षा खटके देत पडू लागले की ऑइल थकले असे मी समजतो, आणि बहुतेक वेळा पायाला हे डोळ्यांच्या आधी कळते.

प्रतिसाद ३

‘जुनी गाडी’ या शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या जात आहेत, म्हणून थोडी भर घालतो. एक गाडी चालून जुनी झालेली असते आणि दुसरी रचनेनेच जुनी असते. प्रश्नातली गाडी पहिल्या प्रकारची आहे. माझ्याकडची दुसऱ्या प्रकारची आहे. तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेन (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारी साखळी) यांची ऑइले वेगवेगळी आहेत, त्यामुळे वर लिहिलेले क्लचचे नियम माझ्या इंजिन ऑइलाला लागू होत नाहीत, ते प्रायमरीच्या ऑइलाला लागू होतात. ऑइल घालण्यापूर्वी आपल्या गाडीत ऑइलाचे खाने किती आहेत हे ज्याने त्याने पाहिलेच पाहिजे.

अक्षरांच्या प्रश्नाला उत्तर राहिले आहे. एपीआयची ही अक्षरे वर्णमालेत पुढे सरकतात. एसएफ आणि एसजी ही १९८० च्या दशकातली आहेत आणि एसपी २०२० मधले आहे. नवे अक्षर सामान्यतः जुन्याचे काम करते, परंतु कारच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास होऊ नये म्हणून नव्या पातळ ऑइलांतील फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ टक्क्यापर्यंत खाली आणले गेले. हा फॉस्फरस जस्ताच्या संयुगातून येतो आणि कॅम व टॅपेट जिथे एकमेकांवर घासतात तिथे तोच धातूला वाचवतो. जासो मानकात हे प्रमाण ०.०८ ते ०.१२ टक्के यांच्या दरम्यान राखलेले असते. त्यामुळे प्रश्नकर्त्यांनी जुने अक्षर शोधत बसू नये. मोटरसायकलसाठीच्या ऑइलावर एसजी किंवा त्यापुढचे कोणतेही अक्षर आणि शेजारी जासो एमए असले की काम भागते. चपट्या टॅपेटच्या पुशरॉड इंजिनाचा, म्हणजे जिथे खालचा कॅम लांब दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडतो अशा जुन्या रचनेच्या इंजिनाचा, मालक मात्र जस्ताकडे जास्त बारकाईने पाहील, जसा मी पाहतो.

प्रतिसाद ४

मी माझ्या मोटरसायकलमध्ये कित्येक वर्षे डिझेल इंजिनांसाठीचे १५डब्ल्यू-४० ऑइल घालतो आहे आणि क्लचने एकदाही तक्रार केलेली नाही. इतका काथ्याकूट कशासाठी, हे मला खरोखर समजत नाही.

प्रतिसाद १ लिहिणारे

काही डिझेल ऑइले जासो एमएच्या कसोटीला उतरतात आणि तसे डब्यावर छापलेलेही असते. आपल्याकडचे ऑइल तशातले असेल तर आपला अनुभव बरोबरच आहे. ज्यावर ते छापलेले नाही, त्याविषयी एका गाडीच्या अनुभवावरून दुसऱ्या गाडीला सल्ला देऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे. मूळ प्रश्नातली चूकही अशाच तर्काने झाली होती.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे केले आणि त्यात आणखी दोन गोष्टी सापडल्या, त्या इथे नोंदवतो.

क्लचच्या दांडीचा खेळ व्यवस्थित होता. ऑइल गरम असताना काढले, तर ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. भरण्याच्या टोपणाजवळ इंजिनाच्या कवचावरच ऑइलाचे प्रमाण कोरलेले आहे, हे इतकी वर्षे गाडी पुसूनही माझ्या लक्षात आले नव्हते. दर वेळी डिपस्टिक पाहूनही ऑइल कमी कसे राहिले, याचा उलगडा पुस्तिकेची प्रत मिळाल्यावर झाला. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक पुसून आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहावी, असे तिच्यात लिहिले आहे. मी ती नेहमी पूर्ण आवळून काढत असे. आवळल्यावर तिचे टोक आणखी खोल बुडते आणि ऑइल कमी असले तरी खूण ओली दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे मेकॅनिकांना उजव्या बाजूचे कवच उघडायला लावले. या इंजिनाला कागदी फिल्टर नाही. एक तारेची जाळी आहे आणि क्रँकच्या टोकाला गरगर फिरून गाळ बाहेर फेकणारी वाटी आहे. त्या वाटीच्या आतल्या कडेला मेणासारखा काळा थर इतका घट्ट बसला होता की तो लाकडी काडीने खरवडून काढावा लागला. बोटांवर चोळून पाहिला तेव्हा त्यात चमक दिसली नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. कवच उघडलेच होते म्हणून क्लच प्लेटांची जाडी मोजून घेतली. ती मर्यादेच्या आत निघाली, त्यामुळे नव्या प्लेटा घातल्या नाहीत.

पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० सांगितले आहे. तेच, जासो एमए२ चे मिनरल ऑइल घातले आणि साडेतीनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदलले. पहिल्या भरण्यात चढावर क्लच किंचित घसरत होता, दुसऱ्यानंतर तो धरतो आहे. टॅपेटची फट लावून घेतल्याने आवाज उतरला. सकाळचा धूर आहे तसाच आहे. व्हॉल्व्हचे सील पुढच्या महिन्यात बदलायचे ठरवले आहे. मेकॅनिक अजूनही २०डब्ल्यू-५० वर ठाम आहेत, पण डिपस्टिकच्या गोष्टीवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीची डिपस्टिक काढून पाहिली.